उपवासकाळात क्रिस्तपुराण लावायचं असेल तर

श्रावण लागला की कोकणातल्या कितीतरी घरांत पोथी लागते. दिवाबत्ती झाली की ओटीवर पाट मांडायचा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, शेजारपाजाऱ्यांनी भिंतीला टेकून ऐकायचं. कोकणातल्या ख्रिस्ती माणसाचीही अशीच एक पोथी आहे: क्रिस्तपुराण. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट (येशूसंघी) पाद्रींनी ती गोव्यातल्या साष्टीत राहून मराठीत रचली आणि १६१६ मध्ये ती राशोलला छापली गेली. ओव्या १०,९६२. त्यातल्या मराठीचं कौतुक करणाऱ्या चार ओव्या आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. बाकीच्या मोठ्याने कोणी म्हणत नाही, आणि माझ्या मते या ग्रंथाचं खरं नुकसान तिथेच झालंय. हा ग्रंथ कानासाठी रचलेला आहे. सतराव्या शतकात साष्टीच्या चर्चांमध्ये रविवारी आणि सणावारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आटोपल्यावर तो लोकांपुढे म्हटला जायचा. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी, वसई, कुठल्याही धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, तो आजही लावता येतो. त्याला काय काय लागतं आणि कुठे गाडी अडते, ते इथे सविस्तर लिहिलंय.

आधी ग्रंथाचा आकार लक्षात घेऊ, म्हणजे वेळेचा अंदाज येतो. पुराणं दोन. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार आहे, ३६ अवस्वरु. दुसऱ्यात येशूचं चरित्र, ५९ अवस्वरु. अवस्वरु म्हणजे अध्याय. एकूण ९५ अवस्वरांत १०,९६२ ओव्या, म्हणजे एका अवस्वरात सरासरी ११५. सावकाश, चालीवर, मधे श्वास घेत म्हटलं तर एका ओवीला सुमारे १५ सेकंद लागतात. म्हणजे एक अवस्वरु अर्ध्या तासाचा आणि सगळा ग्रंथ जवळजवळ ४६ तासांचा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवसही ४६ भरतात. रोज एक तास, रोज दोन अवस्वरु आणि तीन दिवस तीन-तीन, असा नेम धरला तर पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री ग्रंथ पुरा होतो. एखाद्या घराने किंवा धर्मभगिनींच्या मठाने हा नेम जरूर धरावा.

धर्मग्रामासाठी एवढं झेपत नाही. तिथे गुड फ्रायडेच्या आधीचे सहा शुक्रवार धरावेत. त्या दिवशी क्रुसाच्या वाटेसाठी (येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीच्या प्रार्थनेसाठी) लोक जमलेलेच असतात, वेगळं बोलावणं लागत नाही. दर शुक्रवारी ४० ओव्या, वाचनाला दहा मिनिटं. पाच-पाच ओव्यांनंतर अर्थ सांगायला पाऊण मिनिट, असे आठ टप्पे, म्हणजे सहा मिनिटं. शेवटी सगळ्यांनी मिळून एक अभंग. वीस मिनिटांत सगळं आटपतं. याहून लांबवलं की दुसऱ्या शुक्रवारी माणसं निम्मी होतात.

कोकणातली एक अडचण आधीच धरून चालावी. शिमगा उपवासकाळातच येतो. फाल्गुनी पौर्णिमा बहुतेक वर्षी पास्काच्या महिनाभर आधी पडते, कधी तर थेट पवित्र आठवड्यात. पालखी वाडीत असेल त्या संध्याकाळी ढोलापुढे ओवी ऐकू येत नाही, आणि शेजाऱ्यांच्या सणाला अडथळा आणण्याचं आपल्याला काही कारणही नाही. कालनिर्णय उघडून सहाही शुक्रवार आधी तपासावेत आणि त्या आठवड्याचं वाचन दुपारी चारला घ्यावं. शिवाय ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पोथी वाचली जाते अशा एखाद्या शेजारच्या काकांना वाचनाच्या सरावाला बसवावं. ओवीचा श्वास कुठे घ्यायचा हे त्यांना जितकं कळतं तितकं आपल्या गायनवृंदाला कळत नाही.

आता प्रत कोणती घ्यायची. पहिली छपाई १६१६ ची. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज हाती नाही. आपल्यापर्यंत तो पोचला हस्तलिखितांमुळे. त्यांच्यावरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. तिच्यावरून शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती केली. पुढे १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची मुंबईची आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची बंगळूरची आवृत्ती आली. यांशिवाय लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत मार्सडन संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित आहे. मंगळूर प्रतीत जिथे पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द येतात तिथे या हस्तलिखितात बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. स्टीफन्सनी मुळात कोणते लिहिले, यावर अभ्यासकांत वाद आहे.

वाचनासाठी यातला धडा साधा आहे: एक आवृत्ती धरायची आणि सहाही शुक्रवार तीच वापरायची. दोन आवृत्त्या मिसळल्या की वाचणाऱ्याच्या तोंडी एक शब्द आणि अर्थ सांगणाऱ्याच्या तोंडी दुसरा, असं होतं. लोक ऐकणं सोडून शब्द शोधत बसतात. देवनागरी प्रत सोयीची, पण सराव करताना शेजारी मंगळूरची रोमन प्रत उघडी असावी. कारण उच्चार ठरवायला रोमन पाठ फार उपयोगी पडतो. त्या लिपीत शब्दाच्या शेवटचा स्वर लिहावाच लागतो. देवनागरीत 'पुराण' लिहिलं की आपण शेवटचा 'अ' गिळतो. रोमनात तो अक्षराने मांडलेला असतो, म्हणून तो म्हणायचा.

रोमन पाठ वाचायला अवघड नाही, फक्त ती लिपी पोर्तुगीज कानाने बसवलेली आहे हे विसरायचं नाही. 'एल' दोनदा आला की तो 'ळ'. 'एन' दोनदा आला की 'ण'. 'एस' दोनदा येतो तो मात्र साधा 'स', कारण पोर्तुगीजात दोन स्वरांमधला एकटा 'एस' झेडसारखा वाचला जातो. 'एक्स' म्हणजे 'श'. 'झेड' म्हणजे 'ज'. 'क्यू-यू' पुढे 'आय' आला तर 'कि', आणि 'क्यू-एच' म्हणजे 'ख'. स्वरावरची नागमोडी रेघ म्हणजे अनुस्वार. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं हा पाठ इंग्रजीच्या सवयीने वाचतात, म्हणून पहिला अर्धा तास एवढी सात-आठ अक्षरंच घटवून घ्यावीत. तसं नाही केलं तर 'रत्नकिळा' चा 'रत्नकिल्ला' होतो आणि ओवीचा सगळा अर्थ जातो.

तीच ओवी जवळून पाहू. पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात ती येते:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

हरळ म्हणजे तांदूळ निवडताना सुपात सापडतो तो खडा. किळा म्हणजे झळाळी. सुपातल्या खड्यांत रत्न चमकावं, अशी ही उपमा सुरू होते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातून आलेल्या माणसाला मराठीची थोरवी सांगताना आधी सूप आठवतं, यावरून तो लोकांच्या घरात किती रुळला होता ते कळतं. रचना पाहा. पहिल्या तीन चरणांना यमक: किळा, निळा, चोखळा. तिन्हींत 'ळा'. चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेरचा. ज्ञानेश्वरांची आणि एकनाथांची ओवी अशीच चालते. अक्षरं मोजून बसवलेली नसतात, चरण थोडा लांब किंवा आखूड होऊ शकतो, पण तीन यमकं आणि चौथ्याचा उतार हा सांगाडा पक्का.

म्हणताना चूक नेमकी चौथ्या चरणात होते. तीन चरण जोरात जातात आणि चौथा आखूड असल्यामुळे वाचणारा तो गिळून पुढच्या ओवीवर उडी मारतो. 'भासा मराठी' हे दोन शब्द तर सगळ्या ओवीचं ओझं पेलतात. चौथ्या चरणाला तिसऱ्याइतकाच वेळ द्यायचा, अक्षरं कमी म्हणून स्वर लांबवायचे, आणि नंतर एक पूर्ण श्वास. 'हिरा निळा' मधे थांबायचं नाही, ते दोन शब्द एकत्रच जातात. 'भासा' ला 'भाषा' करायचं नाही. सराव घेणाऱ्याने हे तिन्ही मुद्दे पहिल्याच दिवशी पेन्सिलीने कागदावर उतरवावेत.

पुढच्याच ओव्यांत मयोरु, कल्पतरु आणि थोरु ही यमकं येतात. कोणीतरी भल्या हेतूने सुचवतं की लोकांना कळावं म्हणून 'मयोरु' चं 'मोर' करू या. केलं की तीन खांबांतला एक खांब निघाला. 'मोर', 'कल्पतरु', 'थोर' यांत यमक कुठे उरलं? शेवटचा 'उ' हा जुन्या मराठीचा आहे आणि तो स्पष्ट म्हणायचा. अर्थ सांगणारा दुसरा माणूस आहेच. शब्द त्याने सोडवावा, ओवीने नव्हे. माझा या बाबतीत पूर्ण आग्रह आहे: मूळ ओवीतलं एकही अक्षर सोपं करण्यासाठी बदलू नये.

सोपं करण्याचं काम स्टीफन्सनी स्वतः आधीच केलेलं आहे. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत ते सांगतात की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून आधीच्या कवींची अवघड उतरं सोडून ब्राह्मणांच्या भाषेतली सोपी उतरं ठायी ठायी मिसळली. ही 'ब्राह्मणांची भाषा' म्हणजे तेव्हाची कोकणी. त्यामुळे पुण्यातला मराठीचा विद्यार्थी जिथे अडखळतो तिथे वेंगुर्ल्याची म्हातारी अडखळत नाही. 'उतर' म्हणजे शब्द, 'रूख' म्हणजे झाड, 'सोंपें' म्हणजे सोपं, हे सिंधुदुर्गात कोणाला शिकवावं लागत नाही. अर्थ सांगणारा म्हणूनच गावातला असावा आणि त्याने तो मालवणीत किंवा घरच्या बोलीत सांगावा. वसईत सामवेदी किंवा वाडवळी बोलीत सांगितला तर आणखी जवळ येतो. पाच ओव्यांना दोन वाक्यं पुरतात. प्रवचन करायचं नाही.

चाल काय घ्यायची? पोथीची चाल तीन-चार सुरांत फिरते, आणि तीच इथे हवी. पहिला चरण षड्जावरून, दुसरा थोडा चढता, तिसरा चढलेल्या सुरावर स्थिर, चौथा उतरून पुन्हा षड्जावर. जात्यावरच्या ओवीची चाल लावली तर गोड वाटते, पण तिची लय हाताच्या फेऱ्याची आहे, लांब कथेला ती पुरत नाही. गायनवृंदातले हौशी लोक चार आवाजांत बसवायला जातात, तिथे शब्द हरवतात. एकट्याचा आवाज हवा. पुरुषाला काळी एक किंवा दोन, बाईला काळी चार किंवा पाच बहुधा सोयीची. पेटीवर नुसता षड्ज-पंचम धरावा, मागून सूर वाजवत फिरू नये. वाचणारे दोघं असावेत, वीस-वीस ओव्या वाटून. चाळीस ओव्या एकाच गळ्याने म्हटल्या की तिशीनंतर आवाज कोरडा पडतो आणि वेग वाढतो. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

जुन्या चर्चांचं छत उंच आणि भिंती जाड, आवाज घुमतो. तिथे घरातल्या वेगाने म्हटलं तर एका चरणाचं शेपूट दुसऱ्यावर चढतं. चौथ्या चरणानंतर घुमारा विरेपर्यंत थांबावं, दोन सेकंद तरी. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. समोर धरला की 'भ', 'फ', 'थ' फुटतात, आणि या ओव्यांत महाप्राण पुष्कळ. पंखे बंद करणं उन्हाळ्यात जिवावर येतं, पण वाचणाऱ्याच्या डोक्यावरचा एक तरी बंद करावा, नाही तर कागद उडतात.

कागदावरून आठवलं. ग्रंथ हातात धरून वाचू नये, ओळी बारीक असतात. एका ओळीत एकच चरण, एका पानावर पाच ओव्या, अक्षर अठरा पॉइंटचं, कागद एकाच बाजूने छापलेला. चाळीस ओव्यांची आठ पानं होतात. समासात ओवीचा क्रमांक लिहावा आणि दर पाचव्या ओवीखाली आडवी रेघ ओढावी, तिथे अर्थ सांगणारा बोलणार. श्वासाच्या जागी उभी रेघ. लोकांच्या हातात मात्र कागद देऊ नये असं माझं मत. कागद मिळाला की माना खाली जातात.

निवड करताना निवडक सुंदर ओव्या वेचायचा मोह होतो. तो टाळावा. ही कथाकाव्याची ओवी आहे, वाक्य एका ओवीत सुरू होऊन तिसरीत संपतं, कर्ता इकडे आणि क्रियापद तिकडे. मधून तोडलं तर अर्थ सांगणाऱ्याला जोडाजोड करत बसावं लागतं. जिथे प्रसंग सुरू होतो तिथून सलग चाळीस घ्यायच्या. पहिल्या शुक्रवारी मंगलाचरणापासून आरंभ करावा, कारण तिथे सगळ्या ग्रंथाचा सूर लागतो:

वो नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीच्या रचणारा

भरिता, समर्था, सत्यवंता. 'ता', 'था', 'ता' हे यमक डोळ्याला थोडं सैल दिसतं, कानाला मुळीच नाही. 'देवा बापा' हे दोन शब्द सावकाश म्हणावेत. मराठी पुराणाच्या नमनात देवाला बाप म्हणून हाक मारणं, ही ख्रिस्ती श्रद्धेची सगळी बाराखडी त्या चार अक्षरांत आली. पुरातन नमनाचा साचा घ्यायचा आणि त्यात आपल्या विश्वासाचा सर्वांत जवळचा शब्द बसवायचा, हे ज्याला जमलं तो कवी होता. त्याला नुसता प्रचारक म्हणणारे ही ओवी मोठ्याने म्हणत नाहीत, असं मला वाटतं.

शब्दांची निवड हा या ग्रंथातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. स्वर्गासाठी स्टीफन्स ठिकठिकाणी 'वैकुंठ' वापरतात. देवासाठी 'परमेश्वर'. पण पवित्र आत्म्यासाठी मंगळूर प्रतीत 'स्पिरितु सांतु' असा परका शब्दच ठेवलेला आहे. जिथे देशी शब्दाने अर्थ पोचतो तिथे तो घेतला, जिथे तो भलतीकडे नेईल अशी भीती वाटली तिथे परका शब्द राहू दिला. आज आपण बरोबर उलट्या जागी अडतो. 'पवित्र आत्मा' आपल्या तोंडी रुळला आहे आणि 'वैकुंठ' ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडते. म्हणून 'वैकुंठ' च्या जागी 'स्वर्ग' घालायची सूचना हमखास येते. ती स्वीकारू नये. पहिल्या शुक्रवारी अर्थ सांगणाऱ्याने एकदाच सांगावं की या पोथीत वैकुंठ म्हणजे देवाचं राज्य. पुढे कोणी अडत नाही.

चर्चमध्ये लावताना उपासनेचे नियम पाळायचे. मिस्सामधल्या शास्त्रवाचनांच्या जागी पुराण वाचता येत नाही. ती जागा बायबलचीच. पुराण मिस्सा संपल्यावर किंवा क्रुसाच्या वाटेच्या आधी. उपवासकाळात वाद्यं फक्त गायनाला आधार म्हणून चालतात, म्हणून पेटीचा एकटा सूर ठीक, मधे वाजवायचे तुकडे नकोत, आणि आळेलुया तर पास्कापर्यंत नाहीच. धर्मगुरूंना सहाही शुक्रवारच्या ओव्या आधी लिहून द्याव्यात. वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असेल तिथे हे सगळं आणखी सोपं होतं: लदीन झाली की तिथेच बसून चाळीस ओव्या.

शेवटच्या अभंगासाठी नारायण वामन टिळकांकडे जावं. ते करजगावचे, म्हणजे दापोलीकडचे, कोकणातलेच. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. प्रॉटेस्टंट टिळकांचा अभंग आणि जेझुइट स्टीफन्सची ओवी एका संध्याकाळी शेजारी बसतात, दोघांची भाषा एकमेकींना ओळखते. काम मात्र वेगळं आहे. ओवी ऐकायची, अभंग सगळ्यांनी म्हणायचा. वीस मिनिटं गप्प बसलेल्या लोकांना शेवटी तोंड उघडायला मिळालं पाहिजे. प्रसंगाचं मूळ शुभवर्तमानातून वाचून दाखवायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ ठेवावं. त्याचं गद्य स्वच्छ आहे आणि या ओव्यांशेजारी शोभतं.

कॉलेजात हा ग्रंथ शिकवणाऱ्यांनी वाचनाची हीच रीत वर्गात न्यावी. तासाला बारा ओव्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. आधी तीन वेळा मोठ्याने, मग फळ्यावर तीन रकाने: रोमन पाठ, देवनागरी पाठ, आजची मराठी. चौथा रकाना विद्यार्थ्यांनी भरायचा, आपल्या घरच्या बोलीतला शब्द. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वर्गात हा चौथा रकाना भराभर भरतो. संदर्भ देताना पुराण, अवस्वरु, ओवी या क्रमाने आणि आवृत्तीचं वर्ष लिहून द्यायचा. पानाचा क्रमांक एकट्याने कामाचा नाही, प्रत्येक आवृत्तीची पानं वेगळी.

वर्गात आणखी एक गोष्ट टाळता येत नाही, आणि चर्चमध्येही ती लपवू नये. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली होती. साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, त्याच्या मागे हाच संताप होता. जुनी पुराणं वाचायला बंदी होती, आणि पहिल्या अवस्वरात एक नवख्रिस्ती माणूस पाद्रींना तेच विचारतो: आधीची पुराणं बंद केलीत, मग आमच्यासाठी दुसरं का करत नाही? या मागणीतून ग्रंथ उभा राहतो. ग्रंथात मूर्तिपूजेवर कडक टीकाही आहे. मिश्र श्रोत्यांपुढे त्या ओव्या वाचायच्या नाहीत, पण अभ्यासात त्या गाळायच्याही नाहीत. ज्या सत्तेच्या छायेत हे काव्य झालं त्याच सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. हे सगळं सांगूनही ओवी टिकते. मराठी शिकून, मराठीच्या कवींकडून घडण उचलून, मराठी माणसाच्या सुपातल्या खड्याची उपमा देणारा माणूस आणि ती सत्ता यांतला फरक विद्यार्थ्यांना आपोआप ऐकू येतो, फक्त आधी ओवी मोठ्याने म्हटलेली हवी.

गुड फ्रायडेला वाचन चर्चमध्ये घेऊ नये. दुपारच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचलं जातं, त्यावर काही चढवायचं नाही. संध्याकाळी कोणाच्या तरी ओटीवर बसावं. पेटी नको, माइक नको, अर्थ सांगणाराही नको. सहा आठवड्यांत कान तयार झालेला असतो. दुसऱ्या पुराणातल्या क्रुसावरच्या मरणाच्या ओव्या एकट्या आवाजात, नेहमीपेक्षा एक सूर खाली. शेवटची ओवी झाली की अभंग म्हणायचा नाही, दिवा मालवून उठायचं. पुनरुत्थानाच्या ओव्या मागे ठेवायच्या, पास्काच्या संध्याकाळसाठी. तेव्हा पेटी मोकळी वाजू दे, टाळ काढा, आणि अभंगाआधी आळेलुया.